मास्तरकी कुठं शिकावी?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजान ईद होऊन तीन-चार दिवस झाले होते. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. निलंग्यात शाळेसमोर माझं वह्या-पुस्तकांचं लहानसं दुकान आहे. कवी म्हणून मला गावात चार लोक ओळखतात, पण पेन्सिल-पट्टी न्यायला चाळीस येतात, आणि घर त्या चाळिसांवर चालतं. अशा वेळी माझी भाची आली. लातूरला बी.एस्सी. झालेली, गणितात हुशार. स्टुलावर बसली आणि म्हणाली, ‘‘मामू, बीएड इथंच करू का तिकडं जाऊन?’’

‘तिकडं’ म्हणजे दुबई. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा तिथं विजेच्या कामावर सुपरवायझर. त्याचा थोरला भाऊ इंग्लंडात आहे, त्यामुळं दोन-तीन वर्षांत आपणही तिकडं जावं असं त्याच्या मनात. भाचीला मात्र लहानपणापासून एकच वेड. गल्लीतल्या पोरांना ओट्यावर बसवून पाढे म्हणून घ्यायची. तिला शिक्षिका व्हायचं होतं. माझी बहीण म्हणत होती, ‘‘आधी लग्न, मग शिक्षण. नवऱ्याच्या घरी जाऊन काय ते शीक.’’ व्याही म्हणत होते, ‘‘दुबईत काय कॉलेजं कमी आहेत?’’ शेजारच्या एकानं तर संगणकावर घरबसल्या सहा महिन्यांत ‘इंटरनॅशनल’ प्रमाणपत्र मिळतं अशी माहिती आणली होती.

मी म्हणालो, ‘‘अगं, मी साधा बी.ए. माणूस. मला काय कळतं त्यातलं?’’

ती म्हणाली, ‘‘तुम्ही एकदा फसलाय, मामू. म्हणून तुम्हालाच विचारते.’’

मित्रहो, हे खरं आहे. १९९१ साली मी मराठी घेऊन बी.ए. झालो. मलाही मास्तरच व्हायचं होतं. आपल्याकडं बीएडला नंबर लागेल इतके गुण नव्हते. निलंग्याहून कर्नाटकाची हद्द फार लांब नाही. तिकडं एका गावात नवं बीएड कॉलेज निघाल्याचं कळलं. पत्र्याच्या चार खोल्या, दारावर रंगवलेली मोठी पाटी. चालक म्हणाले, ‘‘मान्यता येणारच आहे.’’ वडिलांनी दुभती म्हैस विकली आणि देणगीचे पैसे भरले. वर्षभर मी एसटीनं आणि पायी तिकडं जात राहिलो. परीक्षा जवळ आली तेव्हा कळलं, विद्यापीठाकडून मान्यता आलेलीच नाही. हॉलतिकीट कुणाचंच आलं नाही. दाराला कुलूप लागलं. आमच्या घरी पुढं दोन वर्षं बिनदुधाचा चहा होत राहिला. वडिलांनी त्या म्हशीचं नाव कधी काढलं नाही, आणि मीही पुन्हा बीएडचं नाव काढलं नाही.

भाचीला मी म्हणालो, ‘‘मला आठ दिवस दे.’’ त्या आठ दिवसांत मी जे विचारलं, वाचलं, जाणत्यांकडून समजून घेतलं, ते आज तुमच्यापुढं ठेवतो. आपल्या नांदेड-लातूरकडच्या कितीतरी मुली लग्न होऊन आखातात, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात जातात. त्यांच्यापुढं हाच प्रश्न असतो.

पहिली गोष्ट मला माझ्या चुलत आजोबांमुळं कळली. ते शिक्षक होते. त्या काळी निलंगा निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होता. सरकारी शिक्षणात वरच्या वर्गांची भाषा उर्दू. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमातच सुरू झालेलं. आजोबांचं सगळं शिक्षण, सगळी तालीम उर्दूत. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके बिदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आले. पुढं १९८२ साली लातूर जिल्हा झाला. आजोबांनी घर बदललं नव्हतं, गाव सोडलं नव्हतं. पण हद्द त्यांच्या अंगावरून सरकली आणि हातातला कागद अपुरा पडला. पन्नाशीकडं झुकलेल्या माणसानं मराठी व्याकरणाची पुस्तकं आणून रात्री कंदिलाखाली अभ्यास केला. आमच्या घरात मराठी अशी आली. मी आज मराठीत कविता लिहितो, त्याची मुळं त्या कंदिलापाशी आहेत.

यातून शिकायचं ते हे, की शिकवण्याची विद्या माणसाबरोबर जाते, पण शिकवण्याची परवानगी त्या-त्या राज्याची असते. डॉक्टर, वकील, शिक्षक या तिघांचं हे असंच आहे.

म्हणून दोन कागद वेगळे ओळखावेत. एक पदवी, दुसरा परवाना. मोटार शिकवणाऱ्या क्लासचं प्रमाणपत्र निराळं आणि आरटीओचं लायसन निराळं, तसंच हे. आपल्याकडं बीएड ही पदवी झाली. पहिली ते आठवीला शिकवायचं तर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, वेगळी द्यावी लागते. इंग्लंडात पीजीसीई नावाचा साधारण एका वर्षाचा अभ्यासक्रम असतो. ती शैक्षणिक पात्रता. तिथला परवाना म्हणजे क्यूटीएस, ‘पात्र शिक्षक’ हा दर्जा. पुष्कळ पीजीसीई अभ्यासक्रमांत हा दर्जा मिळण्याची सोय असते, पण बाहेरच्या देशांतल्या लोकांसाठी घरबसल्या चालणारी जी ‘इंटरनॅशनल’ पीजीसीई असते, तिच्यातून क्यूटीएस मिळत नाही. नाव सारखं, फळ वेगळं. शेजाऱ्यानं आणलेली माहिती ऐकून मी पहिला प्रश्न हाच विचारला, ‘‘यातून परवाना मिळतो का नुसता कागद?’’ त्याला ते सांगता आलं नाही.

दुसरी गोष्ट, कुठं शिकावं हे ठरवण्याआधी कुठं शिकवायचं आहे ते ठरवावं. आपण उलट करतो. जिथं प्रवेश मिळेल तिथं शिकतो आणि मग नोकरी शोधतो.

आखातात भारतीय मंडळींच्या मुलांसाठी भारतीय शाळा आहेत. त्यांत सीबीएसईसारख्या आपल्याच मंडळांचा अभ्यासक्रम चालतो. तिथं भारतातली बीएड ओळखीची. भाचीच्या होणाऱ्या नवऱ्यानं दुबईतल्या अशा एका शाळेत स्वतः जाऊन चौकशी केली. त्याला सांगितलं गेलं, की पदवी आणि बीएड दोन्ही हवं, बीएड कॉलेजात नियमित जाऊन केलेलं हवं, आणि कागदांवर शिक्के हवेत. हे शिक्क्यांचं प्रकरण समजून घ्यावं. भारत २००५ पासून हेग कराराचा सदस्य आहे. त्या करारातल्या देशांत जायचं तर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा ‘अपोस्टिल’ हा एक शिक्का चालतो. करारात नसलेल्या देशांसाठी आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाची वकिलात अशी रांग लावावी लागते. अमिराती या दुसऱ्या प्रकारातल्या. हे काम इथं असताना सोपं, तिथं गेल्यावर अवघड.

इंग्लंडचं वेगळं. तिथल्या सरकारनं फेब्रुवारी २०२३ पासून परदेशात शिकलेल्या शिक्षकांना क्यूटीएससाठी अर्ज करण्याची नवी सोय केली. त्यात भारत आहे. पण भारतासह काही देशांसाठी अट अशी, की तुम्ही ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवायला पात्र असलं पाहिजे. पदवी हवी, शिक्षक-प्रशिक्षण हवं, इंग्रजी हवं, आणि प्रशिक्षणानंतर शाळेत निदान एक वर्ष शिकवल्याचा अनुभव हवा. हे वाचलं आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. भाचीचा विषय गणित. तिनं इथं बीएड केलं, दुबईत वर्षभर शिकवलं, तर इंग्लंडचं दार निदान ठोठावता येईल. तिथं जाऊन नव्यानं शिकायचं तर परदेशी विद्यार्थ्याची फी, आणि ती तिथल्या मुलांपेक्षा बरीच जास्त. शिवाय क्यूटीएस हा इंग्लंडचा दर्जा. स्कॉटलंडची शिक्षक परिषद वेगळी, तिची नोंदणी वेगळी. एकाच राणीच्या, आता राजाच्या, राज्यात दोन रीती!

अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचा परवाना स्वतंत्र. आपली पदवी तिथल्या मूल्यमापन संस्थेकडून विषयवार तपासून घ्यावी लागते. कॅनडात प्रांतागणिक नियम. तिथल्या ओंटारिओ प्रांतानं २०१५ पासून आपलं शिक्षक-प्रशिक्षण दोन सत्रांचं चार सत्रांचं केलं. ऑस्ट्रेलियात कौशल्याची तपासणी होते. त्यात निदान चार वर्षांचं उच्च शिक्षण, त्यात एक वर्षाचं शिक्षक-प्रशिक्षण, आणि देखरेखीखाली निदान ४५ दिवस प्रत्यक्ष शिकवलेलं असावं लागतं. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत वाचन-लेखनाला ७ आणि ऐकणं-बोलण्याला ८ गुण लागतात. इथं इंग्रजी माध्यमातून शिकलोय म्हणून ही परीक्षा चुकत नाही. बोलण्याला जास्त गुण का, तर शिक्षकाचं हत्यार म्हणजे त्याचं बोलणं. मुलाला समजलं पाहिजे आणि मुलाचं समजून घेता आलं पाहिजे.

आता आपल्याकडच्या वर्षांचा हिशोब करू. पूर्वी आपली बीएड एका वर्षाची होती. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं, म्हणजे एनसीटीईनं, २०१४ च्या नियमांनी ती दोन वर्षांची केली. त्यात २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे असतात, चार पहिल्या वर्षी आणि सोळा दुसऱ्या. पुष्कळ पालक कुरकुरतात, एक वर्ष फुकट वाढलं म्हणून. पण परदेशी तपासणीत हेच आठवडे मोजले जातात. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं बीएड मिळून पाच वर्षं होतात, ती बहुतेक ठिकाणी पुरी पडतात. बारावीनंतरचं डीएड मात्र पदवी नव्हे. माझ्या दुकानासमोरून डीएडची सगळी लाट गेली. एके काळी अर्जासाठी रांगा लागत, माझे स्टॅपलर कमी पडत. मग टीईटी आली, भरती आटली, आणि कॉलेजं ओस पडली. लहान मुलांना शिकवण्यासाठी ते शिक्षण अजून महत्त्वाचं आहे. पहिली ते पाचवीसाठी बीएड चालणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे. पण पदवी नसताना नुसत्या डीएडवर परदेशात जाणाऱ्या मुलीनं आधी पदवी पुरी करून घ्यावी. तिथले बरेच दरवाजे पदवीपासूनच सुरू होतात.

मग परदेशात जाऊन शिकणं वाईट का? मुळीच नाही. आपल्या मराठी मुलखात याचा एक मोठा दाखला आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकण्याचा विचार होता, पण कानांनी साथ दिली नाही, ऐकू कमी येत होतं. मग त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या प्रसिद्ध कॉलेजात शिकल्या आणि तिथं संस्कृत शिकवलंही. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथं त्यांनी किंडरगार्टन, म्हणजे बालवाडीची शिक्षणपद्धती अभ्यासली. १८८९ मध्ये परत येऊन मुंबईत शारदा सदन काढलं. तिकडं शिकलेलं इकडच्या विधवा मुलींच्या कामी आलं. रमाबाई परदेशात शिकल्या कारण त्या विद्येची तालीम तेव्हा इथं नव्हती. आणि परत येऊन काय करायचं हे त्यांच्या मनात स्वच्छ होतं.

याची दुसरी बाजूही आहे. कधी विद्याच चालत येते. मारिया माँटेसरी १९३९ मध्ये मद्रासजवळ अड्यारला आल्या, युद्धामुळं १९४६ पर्यंत भारतात राहिल्या, आणि त्या काळात त्यांच्या हाताखाली शेकडो भारतीय शिक्षक तयार झाले. त्यासाठी कुणाला इटलीचं जहाज पकडावं लागलं नाही.

तेव्हा कसोटी अशी लावावी. तिकडं जे शिकायचं ते इथं मिळत नाही का? जिथं शिकणार तिथंच दीर्घकाळ राहायचं आहे का? तिथल्या सरकारी शाळेत, तिथल्याच मुलांना शिकवायचं आहे का? या तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल आणि पैशाची सोय असेल, तर तिकडंच शिकावं. तिथल्या वर्गाची रीत, तिथल्या मुलांचं वागणं, पालकांशी बोलण्याची पद्धत हे सगळं तिथंच कळतं. मुक्काम पक्का नसेल, आज दुबई उद्या इंग्लंड परवा पुन्हा लातूर अशी शक्यता असेल, तर जिथं आपली पदवी झाली तिथलंच प्रशिक्षण पुरं करून निघावं. आपल्या देशाचा पूर्ण कागद सगळीकडं तपासायला देता येतो. अर्धवट शिक्षण मात्र कुठंच तपासायला देता येत नाही. आणि परत यायची वेळ आली तर परदेशी पदवीला समकक्षतेचा दाखला आणि वर टीईटी, हा फेरा चुकतो, निदान अर्धा तरी.

कॉलेज निवडताना माझ्यासारखी चूक करू नये. १९९३ साली कायदा झाला आणि १९९५ पासून एनसीटीईला कायद्याचं बळ आलं. माझ्या वेळी ते नव्हतं. आता कुठल्या कॉलेजला मान्यता आहे हे परिषदेच्या संकेतस्थळावर पाहता येतं. ‘मान्यता येणारच आहे’ हे वाक्य ऐकलं की चप्पल घालावी आणि घरी यावं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी आमच्या घरांत फार छळते. नाव. दहावीच्या सनदेवर ‘शेख’ आधी, पासपोर्टवर शेवटी. कुठं वडिलांचं नाव मध्ये, कुठं नाहीच. लग्नानंतर आणखी एक बदल. परदेशातला कारकून आपल्याला ओळखत नाही, तो अक्षरं ओळखतो. निघण्याआधी सगळ्या कागदांवर एकच नाव, एकच स्पेलिंग करून घ्यावं.

आठव्या दिवशी मी बहिणीच्या घरी गेलो. व्याह्यांनाही बोलावलं होतं. मी म्हणालो, ‘‘निकाह आत्ता करू. रुखसती बीएड झाल्यावर.’’ बहिणीनं तोंड फिरवलं. व्याही म्हणाले, ‘‘दोन वर्षं म्हणजे काय थोडी झाली? लोक काय म्हणतील?’’ खोलीत कुणी बोलेना. मग मुलाला फोन लावला. तो सगळं ऐकून म्हणाला, ‘‘मामू, मी कर्ज फेडतोय, मला पण दोन वर्षं लागणारच आहेत. तिला शिकू द्या.’’ बहीण तरी महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. तिची काळजी मला कळत होती. ठरलेलं लग्न लांबणीवर टाकणं आपल्याकडं सोपं नसतं. आणि हा सल्ला चुकला असता, तर भाचीच्या संसाराची किंमत मोजावी लागली असती, माझ्या म्हशीची नव्हे. त्या महिन्यात मला झोप कमी लागायची.

भाचीनं प्रवेश परीक्षा दिली. कॉलेज निवडताना मान्यतेचं पान मी स्वतः छापून आणलं आणि दोनदा वाचलं. सध्या ती दुसऱ्या वर्षाला आहे. सोळा आठवड्यांसाठी तिला जिल्हा परिषदेची शाळा मिळाली आहे. परवा सांगत होती, अपूर्णांक काही केल्या मुलांना कळेनात, तेव्हा तिनं डब्यातली भाकरी काढून तिचे चार भाग केले. एक मुलगा म्हणाला, ‘‘बाई, पाव भाकरीनं काय होतंय, आम्ही दोन खातो.’’ वर्ग हसला, आणि धडा तिथून पुढं सरकला.

दुबईच्या शाळेत भाकरी नसेल, कदाचित दुसरं काही असेल. इंग्लंडचे नियम तोवर बदललेही असतील, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी त्या-त्या सरकारचं पान पुन्हा वाचायचं असं मी तिला बजावून ठेवलं आहे. परीक्षा झाली की सनदांवरच्या शिक्क्यांची रांग लावायची. त्या रांगेत तिच्याबरोबर मी उभा राहणार आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)